अम्र इब्न अल-आस आणि ठाण्यावर आलेले आरमार : नेमका संबंध काय?

मासुंदाकाठ (ठाणे) यांचा प्रश्न

ठाण्यातील आमच्या वाचक मंडळाने या वेळी ‘ठाणे बंदर आणि अरबी समुद्र’ हा विषय घेतला असून सातव्या शतकाचे टिपण माझ्याकडे आले आहे. खलिफा उमर यांच्या कारकिर्दीत, इ. स. ६३६ च्या सुमारास, ओमानकडून निघालेली एक आरमारी मोहीम ठाण्यावर आली होती, एवढे एक वाक्य मी चाळलेल्या स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांत सापडते; ती कोणी पाठवली आणि तिचे पुढे काय झाले, याविषयी ही पुस्तके काही सांगत नाहीत. मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांचे ठाम म्हणणे असे आहे की, ही मोहीम पाठवणारे ‘इब्न अल-आस’ म्हणजे पुढे इजिप्त जिंकणारे अम्र इब्न अल-आस हेच होत. प्रेषित मुहंमदांनी अम्र यांना वकील म्हणून ओमानला पाठवले होते, आणि ओमान व आपला किनारा यांच्यामध्ये समुद्राखेरीज काही नाही, हा त्यांचा आधार.

वाचन सुरू केल्यावर मला त्या मोहिमेपेक्षा अम्र यांच्या आयुष्याचेच अधिक कुतूहल वाटू लागले आहे. उंटांच्या तांड्याबरोबर माल घेऊन फिरणारा मक्केतील एक व्यापारी परक्या राजांच्या दरबारात बोलणी करण्याइतका तयार कसा झाला? त्यांच्या लढायांची वर्णने पुष्कळ मिळतात. त्यांनी कुठे शिष्टाई केली, ती कशी केली आणि ती कुठे फसली, हे एका जागी मिळत नाही. जाणकारांनी दोन्ही गोष्टींवर सविस्तर लिहावे, ही विनंती. अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय जाळल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवला जातो, त्याविषयीही कोणी सांगितले तर बरे होईल. बैठकीत तो प्रश्न हमखास येणार आहे.

खाडीपल्याड (कळवा) यांचे उत्तर

ताई, ठाण्यापुरते उत्तर स्पष्ट आहे. ती मोहीम अम्र यांनी पाठवलेली नव्हती. हा प्रसंग नवव्या शतकातील इतिहासकार अल-बलाझुरी यांच्या ‘फुतूह अल-बुल्दान’ या ग्रंथात येतो आणि तिथे नाव आहे ते उस्मान इब्न अबी अल-आस यांचे. हे ताइफचे, सकीफ जमातीचे. अम्र हे मक्केच्या कुरैश जमातीतील बनू सहम कुळातले. दोघांच्या पितृनामात ‘अल-आस’ येते, यापलीकडे त्यांच्यात नाते नाही. खलिफा उमर यांनी हिजरी सन १५ मध्ये उस्मान यांच्याकडे बहरैन आणि ओमानचा कारभार सोपवला. त्यांनी आपला भाऊ हकम याला बहरैनला धाडले, स्वतः ओमानला गेले आणि तिथून ‘ताना’ या ठिकाणी फौज रवाना केली. हे ‘ताना’ म्हणजे आपले ठाणे, असे अभ्यासक सर्वसाधारणपणे मानतात. त्याच मजकुरात भडोच आणि सिंधमधील देबल या बंदरांवर त्यांच्या भावांनी नेलेल्या मोहिमांचाही उल्लेख आहे.

फौज परत आल्यावर उस्मान यांनी मदिनेला पत्र लिहून कळवले, तेव्हा खलिफांनी त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. ‘हे सकीफच्या बंधो, तू किड्याला लाकडाच्या ओंडक्यावर बसवून पाण्यात सोडलेस, ती माणसे बुडाली असती तर तेवढीच माणसे मी तुझ्या जमातीतून वसूल केली असती’, अशा आशयाचे ते उत्तर आहे. ठाण्यात लढाई झाली की नाही, काय हाती लागले, याबद्दल बलाझुरी काहीच लिहीत नाहीत. आपल्या बंदराबद्दलच्या अरबी भाषेतील अगदी आरंभीच्या या नोंदीत बंदराचे वर्णन नसावे आणि समुद्राविषयी वाटणारी एका राज्यकर्त्याची धास्ती तेवढी असावी, हे मला फार बोलके वाटते.

याच ठिकाणी अम्र यांचे नाव वेगळ्या वाटेने येते. काही वर्षांनी सीरियाचे सुभेदार मुआविया यांनी सायप्रसवर आरमार नेण्याची परवानगी मागितली, तेव्हा उमर यांनी अम्र यांना पत्र लिहून समुद्र कसा असतो ते विचारले. अम्र यांचे उत्तर अरबी इतिहासांत प्रसिद्ध आहे : एक प्रचंड सृष्टी आणि तिच्या पाठीवर बसलेले इवलेसे जीव, वर आकाश, खाली पाणी, ओंडक्यावरच्या किड्यासारखी तिथे माणसाची गत असते, ओंडका कलंडला की तो बुडतो आणि तरला तर भेदरलेला असतो. खलिफांनी परवानगी नाकारली. सायप्रसची मोहीम झाली ती पुढचे खलिफा उस्मान (ठाण्याची मोहीम पाठवणारे उस्मान वेगळे) यांच्या काळात, इ. स. ६४९ मध्ये. ठाण्याच्या पत्रात आणि अम्र यांच्या उत्तरात तोच किडा आणि तोच ओंडका आहे. उल्लेख वेगवेगळ्या प्रसंगांचे आहेत, पण दोन ‘आस’ एकमेकांत मिसळण्यामागे हेही एक कारण असू शकेल.

आता ओमानविषयी. प्रेषितांनी हिजरी ८ मध्ये अम्र यांना पत्र देऊन ओमानला पाठवले. तिथे अल-जुलंदा याचे दोन मुलगे, जैफर आणि अब्द, राज्य करत होते. अम्र यांच्याबरोबर फौज नव्हती. परंपरेत जो वृत्तान्त आहे त्यानुसार ते आधी राजाकडे गेलेच नाहीत. दोन भावांपैकी अब्द हा अधिक शांत आणि समंजस आहे असे कळल्यावर त्यांनी प्रथम त्याची भेट घेतली, त्याच्या सगळ्या शंकांना उत्तरे दिली आणि त्याच्याकरवी जैफरची भेट ठरवली. काही दिवस दारात थांबावे लागले. जैफरने पत्र उघडून वाचले, भावाच्या हाती दिले आणि प्रथम नकार दिला. ‘मग मी उद्या निघतो’ एवढेच म्हणून अम्र परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणे आले आणि दोघा भावांनी इस्लाम स्वीकारला. त्यानंतर इ. स. ६३२ मध्ये प्रेषितांच्या निधनाची वार्ता येईपर्यंत अम्र ओमानमध्येच होते आणि तिथल्या धनिकांकडून घेतलेली जकात तिथल्याच गरिबांत वाटण्याचे काम पाहत होते.

तेव्हा आपल्या टिपणात अम्र यांना जागा आहे, फक्त ती त्या मोहिमेच्या काही वर्षे आधी आहे. ज्या किनाऱ्यावरून ठाण्याकडे गलबते निघाली तो किनारा मदिनेच्या बाजूला आला तो या शिष्टाईमुळे. आपल्या ज्येष्ठ सभासदांनाही हे सांगता येईल की, ओमानचा धागा त्यांनी बरोबर पकडला आहे.

तुर्भे-मसालाबाजार (नवी मुंबई) यांचे उत्तर

वरील उत्तर नेमके आहे. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. वाशीच्या घाऊक बाजारात माझा मसाल्याचा गाळा आहे आणि अरबी व्यापाराविषयी मी आवडीने वाचत आलो आहे. त्यामुळे ‘व्यापारी वकील कसा झाला’ एवढ्याच प्रश्नावर लिहितो.

मक्केत शेती नव्हती. डोंगरांमधल्या त्या रुक्ष खोऱ्यात गाव जगत होते ते तांड्यांवर : हिवाळ्यात येमेनकडे, उन्हाळ्यात सीरियाकडे. कुराणातील ‘कुरैश’ या छोट्या अध्यायात या दोन फेऱ्यांचा उल्लेख आहे. बनू सहम हे या व्यापारातले वजनदार घराणे. अम्र यांचा व्यापार मुख्यतः कातड्याचा आणि सुगंधी द्रव्यांचा होता आणि त्यासाठी ते सीरिया, येमेन, हबशी देश आणि परंपरेनुसार इजिप्तपर्यंत गेले होते. अशा व्यापारात मालाची पारख ही शेवटची गोष्ट असते, हे मी रोजच्या अनुभवाने सांगतो. कोणत्या गावी कोणाचा शब्द चालतो, कोणता दलाल दोन्हीकडून खातो, कोणाला आधी भेटायचे आणि कोणाला भेटायचेच नाही, हे ज्याला कळते त्याचा माल खपतो. जैफरच्या आधी अब्दला गाठणे ही मला सरळ बाजारातली रीत दिसते.

त्यांच्या वडिलांबद्दल, आस इब्न वाइल यांच्याबद्दल, दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि दोन्ही थकवलेल्या पैशांच्या आहेत. येमेनमधील झबीदच्या एका व्यापाऱ्याने त्यांना माल विकला. त्यांनी माल ठेवून घेतला आणि पैसे देईनात. परगावच्या माणसाला मक्केत कुळाचा आधार नव्हता. तेव्हा तो अबू कुबैस टेकडीवर चढला आणि काबागृहाजवळ बसलेल्या कुरैशांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने आपले गाऱ्हाणे कवितेत मांडले. त्यातून काही कुळे अब्दुल्ला इब्न जुदआन यांच्या घरी जमली आणि अन्याय झालेला माणूस परका असला तरी त्याच्या बाजूने उभे राहण्याची त्यांनी शपथ घेतली. हिलफुल-फुदूल म्हणून ओळखला जातो तो हाच करार. प्रेषित मुहंमद तरुणपणी त्या सभेला हजर होते. व्यापाऱ्याचे पैसे वसूल झाले. दुसरी गोष्ट खब्बाब या लोहाराची. त्याने आस यांना तलवारी घडवून दिल्या आणि पैसे मागितले, तर ‘मुहंमदाला सोडलेस तरच देईन’ असे उत्तर मिळाले. पत बुडाली की परगावचा व्यापारी फिरकत नाही, हे घरातच पाहिलेला मुलगा पुढे तहातल्या शब्दाला इतके जपतो, याचा मला संबंध वाटतो. हे माझे मत आहे, कुठे लिहिलेले नाही.

आता हबशी देशाची वकिली; पुढे ज्या देशातून जंजिऱ्याचे सिद्दी आले तोच हा मुलूख. इ. स. ६१५ च्या सुमारास मक्केतील छळाला कंटाळून काही मुसलमान कुटुंबे समुद्र ओलांडून अक्सुमच्या ख्रिस्ती राजाच्या, म्हणजे नजाशीच्या, आश्रयाला गेली. त्यांना परत आणण्यासाठी कुरैशांनी अम्र आणि अब्दुल्ला इब्न अबी रबिआ यांना पाठवले. या दरबाराचा वृत्तान्त उम्म सलमा यांच्या तोंडून आलेला आहे आणि त्या स्वतः त्या आश्रितांपैकी एक होत्या. म्हणजे अम्र यांच्या चाली आपल्याला समोरच्या पक्षाच्या डोळ्यांनी पाहायला मिळतात.

मक्केचे कातडे तिकडे सर्वांत जास्त आवडे, म्हणून नजराणा कातड्याचाच निवडला होता. राजाला भेटण्यापूर्वी दोघांनी प्रत्येक सरदाराच्या घरी जाऊन त्याला त्याचा नजराणा पोहोचवला आणि विनंती केली : आम्ही उद्या राजासमोर बोलू तेव्हा, आश्रितांचे काही न ऐकता त्यांना आमच्या हवाली करा, असा सल्ला द्या. दुसऱ्या दिवशी सरदारांनी ठरल्याप्रमाणे माना डोलावल्या. नजाशी मात्र रागावला. माझ्या आश्रयाला आलेल्यांना त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय मी कोणाच्या स्वाधीन करणार नाही, असे त्याने सांगितले. आश्रितांच्या वतीने जाफर इब्न अबी तालिब बोलले आणि त्यांनी मरियमच्या अध्यायातील आयती म्हणून दाखवल्या, त्या ऐकून राजाच्या डोळ्यांत पाणी आले. अम्र यांनी हार मानली नाही. हे लोक येशूला देवाचा दास म्हणतात, हा मुद्दा आपण उद्या काढणार, असे ते म्हणाले. अब्दुल्ला यांनी अडवले. कसेही असले तरी ते आपले नातलग आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. अम्र यांनी मुद्दा काढलाच. जाफर यांनी न लपवता आपली श्रद्धा सांगितली, तेव्हा नजाशीने जमिनीवरची एक काडी उचलली आणि म्हणाला की, तुम्ही सांगता आणि येशू जसे आहेत यात या काडीएवढाही फरक नाही. सरदार कुरकुरले, पण राजाने सगळे नजराणे परत करायला लावले.

माल योग्य, दलाल ठरवलेले, वेळ साधलेली आणि तरी व्यवहार मोडला, कारण समोरचा माणूस विकाऊ नव्हता. या अपयशाची खरी दाद पुढच्या घटनेत आहे. याच दरबारात, कित्येक वर्षांनी परत आलेले असताना, अम्र यांचे मन वळले आणि ते मदिनेला निघाले, असे परंपरा सांगते. इ. स. ६२९ मध्ये त्यांनी खालिद इब्न अल-वलीद यांच्याबरोबर इस्लाम स्वीकारला. लगेचच त्यांना सीरियाच्या वाटेवरील जमातींकडे पाठवले गेले आणि निवडीचे कारण असे की, त्यांची आजी तिकडच्या बली जमातीची होती.

नेरूळ-वाचनकट्टा यांचे उत्तर

दोन्ही उत्तरे मनापासून आवडली, तरी एक सावधगिरी आवश्यक वाटते. ओमान आणि अक्सुमचे संवाद आपल्यापर्यंत आले आहेत ते आठव्या आणि नवव्या शतकांत लिहिल्या गेलेल्या ग्रंथांतून. त्यातली वाक्ये जशीच्या तशी उच्चारली गेली होती असे धरून चालू नये. आपल्याकडेही बखरी आणि समकालीन पत्रे यांना आपण एकाच तराजूत तोलत नाही. अम्र यांच्या बाबतीत सुदैवाने इजिप्तच्या काळासाठी दुसऱ्या बाजूचा आणि बराच जवळचा साक्षीदार आहे : निकिऊचा बिशप योहान. तो सातव्या शतकाच्या उत्तरार्धात इजिप्तमध्येच होऊन गेला. त्याचा ग्रंथ आज फक्त गीझ, म्हणजे प्राचीन इथिओपियाच्या, भाषांतरात उरला आहे.

इ. स. ६३९ च्या डिसेंबरमध्ये अम्र जेमतेम चार हजार माणसे घेऊन अल-अरीशला पोहोचले. एवढ्या फौजेने इजिप्त जिंकता येत नाही. पुढे झुबैर इब्न अल-अव्वाम कुमक घेऊन आले, हेलिओपोलिसची लढाई झाली आणि आजच्या कैरोच्या दक्षिणेकडील बाबिलोनच्या किल्ल्याला वेढा पडला. हे सगळे खरे. पण मुलूख हाती आला तो तहांमुळे. इजिप्त तेव्हा पूर्व रोमन (बायझंटाइन) साम्राज्याचा भाग होता. बाबिलोनच्या वेढ्यात रोमन बाजूने बोलणी करणारा सायरस हा एकाच वेळी धर्मगुरू आणि इजिप्तचा प्रशासक होता. अरबी ग्रंथांतला मुकौकिस तो हाच. त्याने पाठवलेल्या दूतांना अम्र यांनी दोन दिवस छावणीत ठेवून घेतले, आपली माणसे कशी राहतात, कशी प्रार्थना करतात हे त्यांना नीट पाहू दिले आणि मगच उत्तर देऊन परत धाडले. आपल्या बाजूने बोलण्यासाठी त्यांनी उबादा इब्न अस-सामित यांना पाठवले. उबादा उंचेपुरे आणि काळे होते. त्यांना पाहून सायरस दचकला आणि दुसऱ्या कोणी बोलावे असे म्हणू लागला. तेव्हा हेच आमच्यातले ज्ञानाने श्रेष्ठ आहेत आणि हेच बोलतील, असे बाकीच्यांनी सुनावले. हा प्रसंगही इब्न अब्द अल-हकम यांच्या नवव्या शतकातील ग्रंथातला आहे, हे लक्षात ठेवावे. पहिला तह सम्राट हेराक्लियसने फेटाळला आणि सायरसला परत बोलावले. हेराक्लियस ६४१ च्या फेब्रुवारीत वारला, एप्रिलमध्ये किल्ला पडला आणि सायरस नव्या अधिकारांनिशी परतला.

नोव्हेंबर ६४१ चा अलेक्झांड्रियाचा तह मात्र योहानच्या नोंदीमुळे बराच तपशीलवार कळतो. ११ महिने युद्धबंदी राहील; त्या मुदतीत रोमन फौज आपली चीजवस्तू घेऊन समुद्रमार्गे निघून जाईल; चर्चना हात लावला जाणार नाही; ज्यूंना शहरात राहता येईल; १५० सैनिक आणि ५० नागरिक ओलीस म्हणून राहतील; ठरलेला कर भरला जाईल. मुदत पाळली गेली आणि ६४२ च्या सप्टेंबरमध्ये शहर रिकामे झाले. ज्या शहराला समुद्राकडून रसद मिळत होती आणि ज्याच्याविरुद्ध अम्र यांच्याकडे आरमार नव्हते, ते शहर त्यांना ११ महिन्यांच्या सबुरीने मिळाले. तुर्भेच्या गृहस्थांचा मुद्दा मला इथे सर्वाधिक पटतो.

योहान अम्र यांचा मित्र नव्हता. निकिऊ गावात झालेल्या कत्तलीचे वर्णन त्याने केले आहे आणि करांचा बोजा किती जड होता हेही लिहिले आहे. तोच योहान असेही नोंदवतो की, अम्र यांनी ठरलेला कर घेतला, पण चर्चच्या मालमत्तेतले काही घेतले नाही आणि लुटालूट केली नाही. रोमनांच्या धर्मछळामुळे १३ वर्षे लपून राहिलेल्या, कॉप्टिक म्हणजे इजिप्तच्या स्थानिक ख्रिस्ती पंथाचा धर्मप्रमुख असलेल्या बेंजामिन याला अभय देऊन त्यांनी परत बोलावले. शत्रुपक्षाच्या लेखणीतून आलेली ही दोन परस्परविरोधी वाटणारी विधाने शेजारी शेजारी ठेवावीत. कोणतेही एक गाळले तर अम्र यांचे चित्र खोटे होईल.

व्यापाऱ्याची नजर कुठे दिसत असेल तर ती कालव्यात. ६३९ मध्ये हिजाझात, म्हणजे मक्का-मदिनेच्या प्रदेशात, भयंकर दुष्काळ पडला होता. त्यानंतर अम्र यांनी नाईल नदीपासून तांबड्या समुद्रावरील कुल्झुमपर्यंत जाणारा, रोमन सम्राट ट्राजनच्या काळातला बुजलेला कालवा उपसून घेतला. उंटांच्या पाठीवर महिनोन्महिने घालवण्याऐवजी इजिप्तचे धान्य होड्यांतून निघून मदिनेच्या जार बंदरात उतरू लागले. समुद्राला इतके बिचकणाऱ्या खलिफांच्या राजधानीचे पोट शेवटी जलमार्गानेच भरले.

मासुंदाकाठ (ठाणे)

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. टिपणाचा आराखडा आता मनात तयार होत आहे. दोन गोष्टी राहिल्या. इजिप्तनंतर त्यांचे काय झाले? आणि ज्या सिफ्फीनच्या लवादामुळे त्यांचे नाव आजही अनेकांना कडू लागते, तिथे त्यांनी जे केले त्याला शिष्टाई म्हणावे का? मला ते वाचून अस्वस्थ वाटले.

तुर्भे-मसालाबाजार (नवी मुंबई)

ताई, पहिल्याविषयी सांगतो. उमर यांना सुभेदारांची वाढती संपत्ती खपत नसे. त्यांनी मुहंमद इब्न मस्लमा यांना इजिप्तला पाठवून अम्र यांच्या मालमत्तेची मोजदाद करवली आणि अर्धी संपत्ती सरकारजमा केली. व्यापारातून आणि शेतीतून पैसा झाला, हे अम्र यांचे स्पष्टीकरण त्यांनी मानले नाही. सुभेदाराने व्यापार करावा का, हा प्रश्न तेव्हाही होता, आणि मी स्वतः व्यापारी असूनही उमर यांच्याच बाजूचा आहे.

उमर यांच्यानंतर आलेल्या खलिफा उस्मान यांनी अम्र यांना दूर करून अब्दुल्ला इब्न साद यांना नेमले. तेवढ्यात रोमनांनी अलेक्झांड्रिया परत घेतले, म्हणून अम्र यांना पुन्हा बोलवावे लागले आणि ६४६ मध्ये त्यांनी शहर पुन्हा जिंकले. तेव्हा फौज तुम्ही सांभाळा आणि महसूल अब्दुल्ला पाहतील, असा प्रस्ताव आला. ‘म्हणजे गाईची शिंगे मी धरायची आणि धार दुसऱ्याने काढायची’ असे म्हणून अम्र यांनी तो नाकारला. पुढे अब्दुल्ला यांनी जास्त वसूल पाठवला. तुमच्यानंतर उंटिणींनी अधिक दूध दिले, असे उस्मान यांनी ऐकवल्यावर ‘हो, पण त्यांची पिल्ले उपाशी मेली’ असे अम्र यांनी उत्तर दिल्याचे सांगतात. कुळाकडून किती घ्यायचे आणि पुढच्या वर्षासाठी त्याच्याकडे किती ठेवायचे, याची समज त्या उत्तरात आहे.

खाडीपल्याड (कळवा)

ताई, तुमची अस्वस्थता रास्त आहे आणि टिपणात ती झाकू नये. ६५७ मध्ये सिफ्फीन येथे खलिफा अली आणि मुआविया यांच्या फौजा समोरासमोर आल्या. भाल्यांच्या टोकांवर कुराणाची पाने उंचावून लढाई थांबवण्याची युक्ती अम्र यांची, असे मानले जाते. नंतर लवाद नेमला गेला. मुआविया यांच्या वतीने अम्र आणि अली यांच्या वतीने अबू मूसा अल-अशअरी. प्रचलित कथा अशी की, दोन्ही दावेदारांना बाजूला करावे असे दोघांत ठरले. अम्र यांनी वयाचा मान म्हणून अबू मूसांना आधी बोलू दिले, त्यांनी अली यांना पदच्युत घोषित केले आणि मग अम्र यांनी उठून मुआविया यांना कायम केल्याचे जाहीर केले. लवादाच्या बैठकी कुठे आणि किती झाल्या, यावर ग्रंथांत एकवाक्यता नाही आणि ही कथा पुढच्या पक्षभेदांतून घडली असावी, असे अनेक आधुनिक अभ्यासक मानतात. पण कथा खरी धरली तर तिला शिष्टाई म्हणता येणार नाही. शिष्टाईत समोरच्याने तुमच्या शब्दावर पुन्हा विश्वास ठेवायचा असतो. अलेक्झांड्रियात ११ महिने शब्द पाळणाऱ्या माणसाच्या नावावर हा प्रसंग लागावा, याचे मला खरोखर वाईट वाटते.

६५८ मध्ये त्यांनी मुआविया यांच्यासाठी इजिप्त परत घेतले आणि मृत्यूपर्यंत तेच तिथले सुभेदार होते. हिजरी ४३ च्या ईदला, म्हणजे जानेवारी ६६४ मध्ये, त्यांचे निधन झाले; दफन कैरोजवळच्या मुकत्तम टेकडीच्या पायथ्याशी झाले. त्यांचे पुत्र अब्दुल्ला हे प्रेषितांची वचने लिहून ठेवणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक म्हणून ओळखले जातात.

नेरूळ-वाचनकट्टा

ग्रंथालयाचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. अलेक्झांड्रियातील पुस्तके खलिफांच्या हुकमाने अम्र यांनी हमामखान्यांच्या भट्ट्यांत जाळली, ही गोष्ट प्रथम सापडते ती तेराव्या शतकाच्या आसपास, अब्द अल-लतीफ अल-बगदादी आणि इब्न अल-किफ्ती यांच्या लिखाणात. म्हणजे घटनेनंतर साडेपाचशेहून अधिक वर्षांनी. त्याच भूमीत राहून निकिऊची कत्तल नोंदवणारा योहान याबद्दल काही लिहीत नाही, आणि प्राचीन ग्रंथालयाची वाताहत त्याच्या कितीतरी आधी झाली होती. टिपणातून हा प्रसंग वगळावा आणि कोणी विचारलेच तर वरील कालगणना सांगावी.

त्याऐवजी अम्र यांच्या कारभारातला एक अस्सल कागद बैठकीत सांगता येईल. व्हिएन्नातील ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पपायरसवरची (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरची) एक पावती आहे, हिजरी २२ ची, म्हणजे २५ एप्रिल ६४३ या दिवसाची. वरचा मजकूर ग्रीकमध्ये आणि खालचा अरबीत. अब्दुल्ला इब्न जाबिर या अधिकाऱ्याने इजिप्तमधील इहनास येथे आपल्या खलाशांसाठी, स्वारांसाठी आणि पायदळासाठी ६५ मेंढ्या घेतल्या, असे त्यात लिहिले आहे. अरबी मजकूर त्याची फोड पन्नास आणि पंधरा अशी करतो. मागच्या बाजूला ग्रीकमध्ये शेरा आहे की, या मेंढ्या त्या वर्षीच्या करात वळत्या करून घ्याव्यात. मेंढ्या देणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याचे नावही त्यात आहे. विजेत्यांच्या फौजेने पावती दिली आहे, तीही देणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत. चित्र मिळाले तर मोठ्या पडद्यावर दाखवावे; अरबी भागातल्या काही अक्षरांवर नुक्ते, म्हणजे ठिपके, स्पष्ट दिसतात.